चूक यंत्राची, मग दाद कोणाकडे मागायची? अमेरिकेतील सरकारी संगणकांविषयी एक प्रश्न

प्रश्न: मुशाफिर_७१

नमस्कार. मी अठरा वर्षांपासून अमेरिकेत राहतो आणि सॉफ्टवेअर लिहिण्यावरच माझे पोट चालते, त्यामुळे यंत्राविषयी आकस म्हणून हे लिहीत नाही. माझ्या शेजारी राहणाऱ्या साठीच्या एक बाई गोदामात कामाला होत्या. गोदाम बंद पडल्यावर त्यांनी राज्याकडून अकरा आठवडे बेरोजगारी भत्ता घेतला, दुसरे काम लागताच स्वतःहून तो थांबवला, आणि विषय तिथेच मिटला असे त्यांना वाटले. यंदा जानेवारीत, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी, त्यांना पत्र आले की भत्ता घेत असताना त्यांनी कमाई लपवली, त्याबाबत विचारलेल्या प्रश्नांना मुदतीत उत्तर दिले नाही, आणि म्हणून घेतलेली सगळी रक्कम दंडासह परत करावी. हे प्रश्न विचारले होते ते भत्त्यासाठी तेव्हा काढलेल्या ऑनलाइन खात्यात, जे नोकरी लागल्यापासून त्यांनी उघडलेलेच नव्हते. पत्रावर तारीख ३ जानेवारीची, ते हातात पडले १४ जानेवारीला, आणि अपिलाची मुदत होती १३ पर्यंत.

आम्ही दोघे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन स्पीकरवर टाकून बसलो. पहिल्या दिवशी तीन तास तेच ते संगीत ऐकल्यावर फोन आपोआप तुटला. दुसऱ्या दिवशी बोलायला माणूस मिळाला. त्या कर्मचारी बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, जुन्या मालकाने कळवलेले पगाराचे आकडे स्वतः पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचे म्हणणे बरोबर दिसते आहे, पण माझ्या स्क्रीनवर हे बदलायची सोयच नाही." शेजारीणबाईंनी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण अशा स्क्रीन आमच्यासारखीच माणसे तयार करतात आणि त्यावर कोणती बटणे असावीत हे कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेले असते.

ज्या देशातील कंपन्यांचे सॉफ्टवेअर सगळे जग वापरते, त्या देशाच्या सरकारी कामात हेच तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या मुळावर का येते? दोष तंत्रज्ञांचा आहे, राजकारण्यांचा आहे, की मदत मागणाऱ्याकडे आधी संशयाने पाहणाऱ्या समाजाचा? आणि अशी चूक कुठे खरोखर सुधारली गेली असेल, तर ती कशी, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: हुरॉनकाठ

मुशाफिर, मी मिशिगनमध्ये राहतो, आणि तुमच्या शेजारीणबाईंच्या हकिकतीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट आमच्या राज्याने दहा वर्षांपूर्वी हजारो लोकांच्या बाबतीत पाहिली आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये मिशिगनच्या बेरोजगारी विमा खात्याने 'मायडास' नावाची संगणकप्रणाली सुरू केली. तिच्यावर सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले होते. त्याच सुमारास खात्यातील जवळपास एक तृतीयांश कर्मचारी कमी करण्यात आले, कारण त्यांचे काम आता यंत्र करणार होते. ते काम म्हणजे केवळ हिशेब ठेवणे नव्हते. मालकाने कळवलेला पगार आणि कामगाराने केलेला दावा यांत तफावत दिसली, तर त्याने फसवणूक केली आहे की नाही याचा निवाडा करणे, हेही त्यात होते.

ही तफावत यंत्राला कशी दिसायची ते समजून घेण्यासारखे आहे. मालक कामगाराच्या पगाराची माहिती दर तिमाहीला कळवतो, तर भत्ता आठवड्याच्या हिशेबाने मिळतो. समजा, एखाद्याने जानेवारी ते मार्च या तिमाहीत पहिले सहा आठवडे काम केले, आठवड्याला ८०० डॉलर मिळवले आणि मग त्याची नोकरी गेली. मालक कळवणार: तिमाहीचा पगार ४,८०० डॉलर. यंत्राने ही रक्कम तिमाहीच्या तेराही आठवड्यांवर सारखी पसरली की प्रत्येक आठवड्याला ३६९ डॉलर येतात, आणि मग तो माणूस ज्या सात आठवड्यांत घरी बसून होता त्या आठवड्यांतही तो कमावत असल्याचे कागदावर दिसते. त्याने भत्त्याच्या अर्जात "कमाई शून्य" असे खरे लिहिलेले असते, आणि तेच आता त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरते.

मग यंत्र त्याला प्रश्नावली पाठवी. अनेकदा ती ऑनलाइन खात्यात पडून राही आणि दहा दिवसांत उत्तर नाही आले की गप्प बसणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, असे धरले जाई. दंड होता रकमेच्या चौपट, वर १२ टक्के व्याज. वसुलीसाठी नव्या नोकरीच्या पगारातून पैसे कापले गेले, प्राप्तिकराचे परतावे जप्त झाले, काहींना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. अशा रीतीने ४०,००० च्या आसपास लोकांवर फसवणुकीचा शिक्का बसला. पुढे खात्याने स्वतःच, केवळ यंत्राने निकालात काढलेली २२,००० हून अधिक प्रकरणे माणसांकडून तपासून घेतली, तेव्हा त्यांतील ९३ टक्के चुकीची निघाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

यातली सरासरी काढण्याची चूक मला दुय्यम वाटते. अशा चुका होतात, आणि पत्र टपालात पडण्याआधी एखादा जाणता कारकून ते वाचत असता, तर पहिल्या शंभर पत्रांतच ती पकडली गेली असती. पण तो कारकून आधीच घरी बसवला होता. खरा अन्याय झाला तो या व्यवस्थेत की आरोप करणारे, साक्ष देणारे आणि शिक्षा सुनावणारे यंत्र एकच होते, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर होता ज्याला आपल्यावर आरोप झाला आहे हेही ठाऊक नव्हते. २०१५ मध्ये यंत्राने एकट्याने निवाडा करणे थांबले. पीडितांचा दावा मात्र चालत राहिला. राज्यघटनेच्या उल्लंघनासाठी सरकारकडे भरपाई मागता येते, असे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जुलैत सांगितले आणि त्यानंतर काही महिन्यांत २ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांचे घर किंवा संसार या नऊ वर्षांत मोडला, त्यांना ती रक्कम किती पुरी पडली असेल याचा विचार करवत नाही.

तुमच्या शेजारीणबाईंसाठी एक विचारतो. ज्या पाकिटातून पत्र आले ते त्यांनी ठेवले आहे का? पत्रावरची तारीख आणि पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख यांत पुष्कळदा फरक असतो, आणि उशिरा केलेल्या अपिलात तोच फरक कामी येतो.

उत्तर २: ताळेबंद

मी हिशेबतपासणीच्या व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. हुरॉनकाठ यांनी लिहिलेले सगळे मान्य आहे, पण तपासणी सैल सोडली की काय होते तेही २०२० मध्ये दिसले. महासाथीच्या काळात एकेका आठवड्यात ६० लाखांहून अधिक लोकांनी भत्त्यासाठी नवे अर्ज केले. पैसे तातडीने पोहोचवणे आवश्यक होते, पण त्या गर्दीत चोरलेल्या नावांवर टोळ्यांनी हात धुऊन घेतले. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्या काळातील बेरोजगारी भत्त्यातील फसवणुकीचा अंदाज १०० ते १३५ अब्ज डॉलर असा दिला आहे. हा पैसाही करदात्यांचाच आणि खऱ्या गरजूंचाच.

आणि नाव चोरणे इतके सोपे का, तर १९३६ मध्ये पेन्शनच्या खात्यासाठी सुरू झालेला सोशल सिक्युरिटी क्रमांक आज बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळीकडे किल्लीसारखा वापरला जातो. त्याच्या कार्डावर कित्येक वर्षे "ओळखपत्र म्हणून वापरू नये" अशा आशयाचे शब्द छापलेले असत. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि ज्या त्रुटीतून चोर शिरले तिची दुरुस्ती त्याआधी दोन महिने उपलब्ध होती, फक्त ती बसवली गेली नव्हती. तेव्हा यंत्राने संशयित प्रकरणे वेगळी काढावीत याला माझा विरोध नाही. मी स्वतः तेच करतो. पण वेगळे काढलेले व्हाउचर उघडून पाहणे हे माझे काम असते. ते न पाहताच अहवालावर सही केली तर माझा परवाना जाईल, आणि सरकारी खात्याला हा नियम का नसावा, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

उत्तर ३: कागदपेन

सुधारणा कुठे झाली, असे मुशाफिर यांनी विचारले आहे. माझ्या मते ती मतदानात झाली, आणि ती व्हायला वीस वर्षे लागली.

नोव्हेंबर २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातील पाम बीच काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली होती आणि भोके पाडण्याची जागा मधोमध होती. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी ठेवायची, एवढाच त्यामागे निवडणूक अधिकारी बाईंचा हेतू होता. परंतु डाव्या पानावर गोर यांचे नाव दुसरे, तर मधल्या ओळीतील दुसरे भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचे. गोर यांचे भोक तिसरे होते. चूक लक्षात आल्यावर अनेकांनी दुसरे भोकही पाडले आणि त्यांचे मत बाद झाले. त्या एका काउंटीत दोन भोके पाडलेल्या १९,००० हून अधिक मतपत्रिका निघाल्या. संपूर्ण राज्यात बुश यांचे मताधिक्य होते ५३७.

यावर उपाय म्हणून २००२ मध्ये कायदा करून राज्यांना ३ अब्जांहून अधिक डॉलर देण्यात आले, आणि अनेक ठिकाणी कागदच नको म्हणून स्पर्शपडद्याची यंत्रे घेण्यात आली. आजार कागदाचा नव्हताच, मांडणीचा होता. २००६ मध्ये फ्लोरिडातीलच सारासोटा काउंटीत प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत सुमारे १८,००० मतदारांचे मत यंत्रात उमटलेच नाही, आणि निकाल लागला ३६९ मतांनी. त्या मतदारांनी जाणूनबुजून मत दिले नाही, पडद्यावर त्यांना ती निवडणूक दिसली नाही, की यंत्राने मत गिळले? पुन्हा मोजायला हातात काहीच नव्हते. यंत्राला पुन्हा विचारले तर ते तेच उत्तर देणार. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा करून कागदी मतपत्रिकेकडे परतायचे ठरवले.

आता २०२० पाहा. ३ फेब्रुवारीला आयोवातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या, अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी होणाऱ्या बैठकांचे निकाल कळवण्यासाठी बनवलेले अॅप ऐन रात्री कोलमडले आणि देशभर नाचक्की झाली. तरीही निकाल अखेर लागू शकला, कारण त्याच वर्षी पहिल्यांदा प्रत्येक मतदाराकडून आपली पसंती लिहिलेले सही केलेले कार्ड घेण्यात आले होते. नोव्हेंबरमध्ये जॉर्जियात, जिथे २०१९ पर्यंत यंत्रातून कागद निघतच नसे, सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या. फ्लॉइड काउंटीत मोजायची राहिलेली सुमारे २,६०० मते त्यातच सापडली. निकाल बदलला नाही, पण चूक सापडली, ती जाहीर झाली आणि दुरुस्त झाली. ज्यांना निकाल मान्य करायचाच नव्हता त्यांनी तो तरीही केला नाही, हे दुःख वेगळे, आणि त्यावर कोणतेही यंत्र चालत नाही. पण टेबलाभोवती बसून दोन-दोन माणसे एकेक मतपत्रिका हातात घेऊन नाव मोठ्याने वाचत आहेत, ही त्या दिवसांतील दृश्ये मला आजही आश्वासक वाटतात. त्या टेबलावर जे होते, ते तुमच्या फोनवरच्या कर्मचारी बाईंकडे नव्हते: यंत्राच्या बाहेरचा पुरावा, आणि तो पाहून आकडा बदलण्याचा अधिकार.

उत्तर ४: सनदी_वाचक

कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो. न्यूयॉर्कमधून आलेल्या गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच सांगून ठेवले आहे की सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या माणसाचे साहाय्य बंद करण्यापूर्वी त्याला सुनावणी मिळाली पाहिजे, कारण ज्याच्या हातातोंडाची गाठ त्या पैशावर आहे त्याला "आधी बंद करू, मग ऐकू" असे म्हणणे म्हणजे न ऐकण्यासारखेच आहे. म्हणजे तत्त्व पन्नास वर्षांहून जुने आहे. यंत्रे आली तेव्हा ते तत्त्व कोणी रद्द केले नाही, ते फक्त निविदेच्या कागदपत्रांत उतरलेच नाही. प्रणाली विकत घेताना वेग किती, बचत किती, हे लिहिले गेले. चूक झाल्यास ती कोण आणि किती दिवसांत सुधारील, हे कलम राहिले.

आर्कान्सामध्ये २०१६ पासून अपंगांना घरी मिळणाऱ्या मदतनिसाचे तास संगणकाच्या सूत्राने ठरू लागले आणि अनेकांचे तास एकदम घटले. घरी येणाऱ्या परिचारिकेला विचारले तर ती म्हणे, तास मी ठरवत नाही, संगणक ठरवतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही असा विकार, असलेल्यांच्या आजाराचा हिशेब त्या प्रणालीत नीट धरलाच गेला नव्हता, हे उघड झाले ते न्यायालयात, कारण तिथे प्रथमच कोणीतरी ते सूत्र उलगडून दाखवण्याची सक्ती केली.

राजकारणाचा भाग राहिला. १९७२ मध्ये अमेरिकन संसदेने तंत्रज्ञानाच्या परिणामांचा अभ्यास करणारे स्वतःचे कार्यालय स्थापले होते. वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खर्च असलेले ते कार्यालय १९९५ मध्ये काटकसर म्हणून बंद केले गेले, नेमके इंटरनेट घराघरांत शिरत असताना. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ उघडले. त्यासाठी डझनावारी कंत्राटदार राबले होते, पण सगळ्यांचे काम जुळवून पाहणारा जाणता माणूस नव्हता, आणि पहिल्या दिवशी विमा घेऊ शकलेल्यांची संख्या होती सहा. दोन-तीन महिन्यांत एका छोट्या चमूने ते सावरले, आणि त्या अनुभवातून २०१४ मध्ये सरकारची स्वतःची डिजिटल सेवा उभी राहिली.

हीच माणसे पुढे प्राप्तिकराच्या कामात आली. करखात्याने २००२ पासून कर भरण्याचे स्वतःचे मोफत सॉफ्टवेअर न बनवण्याचे वचन सॉफ्टवेअर कंपन्यांना दिले होते. ते बंधन २०१९ च्या अखेरीस सुटले आणि २०२४ मध्ये बारा राज्यांत 'डायरेक्ट फाइल' सुरू झाले. पहिल्या वर्षी सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी ते वापरले, दुसऱ्या वर्षी राज्ये पंचवीस झाली. ते चालत होते, लोकांना आवडत होते, आणि तरी २०२६ च्या हंगामासाठी ते बंद करण्यात आले. सरकारचे तंत्रज्ञान फसते याची कारणे आपण शोधतो तेव्हा हेही नोंदवले पाहिजे, कारण जमलेले काम मोडले की ते जमवणारी माणसे निघून जातात आणि पुढची प्रणाली पुन्हा बाहेरच्या कंत्राटदाराकडेच जाते.

मुशाफिर, शेजारीणबाईंना सुनावणीचा अधिकार आहे, आणि मुदत टळण्याचे सबळ कारण दाखवता आले तर उशिराचे अपीलही विचारात घेतात. फोनवर न सांगता लेखी द्यावे, पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवावे, आणि विधी साहाय्य केंद्रात आजच विचारावे. तिथे पैसे पडत नाहीत.

प्रश्नकर्ता: मुशाफिर_७१

सर्वांचे मनापासून आभार. ताळेबंद यांचा मुद्दा मला कामाच्या ठिकाणीही उपयोगी पडणार आहे, कारण आमच्याकडे अशाच एका पडद्याचे आराखडे सध्या चर्चेत आहेत आणि "निर्णय फिरवा" हे बटण कोणाला द्यायचे, हा प्रश्न कालपर्यंत कोणी काढलेला नव्हता. मी तो सोमवारी काढला. अजून उत्तर मिळालेले नाही.

हुरॉनकाठ, पाकीट मिळाले. शेजारीणबाई खिडकीची पाकिटे फेकत नाहीत, त्यांच्या मागच्या बाजूला वाणसामानाच्या याद्या करतात. फ्रिजवर चुंबकाखाली तेच पाकीट होते, मागे दूध, अंडी आणि साबण, आणि पुढे शिक्का ९ जानेवारीचा. म्हणजे ३ तारीख घातलेले पत्र सहा दिवस कुठेतरी पडून होते. विधी साहाय्य केंद्रातील वकील बाईंनी ते दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घेतले, जुन्या मालकाकडून आठवडावार पगाराचा कागद मागवला आणि उशिराचे अपील दाखल केले. काल सुनावणीची तारीख आली: पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला, फोनवरून, न्यायाधीशांसमोर. मी त्या दिवशी रजा टाकली आहे.